खराब झालेली श्वासनलिका बदलता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं माणूस व्हेंटिलेटरवरून सुखरूप परत येतं आणि महिनाभरात पुन्हा धापा टाकू लागतं. अशा घरांतून सर्वात जास्त प्रश्न येतात. त्याखालोखाल "प्रयोगशाळेत नवी श्वासनलिका तयार" ही बातमी वाचून आशेने लिहिणारे असतात. दोघांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकाच पानावर ठेवली आहेत. तेच ते पुन्हा यायला नको म्हणून गरज असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःच्या रुग्णाचा निर्णय मात्र ज्या डॉक्टरांनी त्याची श्वासनलिका दुर्बिणीने आतून पाहिली आहे त्यांच्याशी बोलूनच घ्यावा.

१. श्वासनलिका म्हणजे नेमका कोणता भाग? ती आतून कशी असते?

कंठाच्या खाली बोट ठेवून हलकेच खाली सरकवलं की एकाखाली एक कडक कड्या हाताला लागतात. ती श्वासनलिका. स्वरयंत्राच्या खाली सुरू होऊन ती छातीत उतरते आणि तिथे दोन फुप्फुसांसाठी दुभागते. प्रौढ माणसात तिची लांबी साधारण १० ते १२ सेंटिमीटर आणि आतली रुंदी दीड ते दोन सेंटिमीटर असते. तिच्यात कूर्चेच्या (मऊ, लवचिक हाडासारख्या ऊतकाच्या) १६ ते २० कड्या असतात. या कड्या पूर्ण गोल नसतात, घोड्याच्या नालासारख्या मागे उघड्या असतात. मागची भिंत मऊ स्नायूची असते आणि तिला चिकटूनच अन्ननलिका जाते.

दुर्बिणीतून पाहिलं तर ओलसर गुलाबी बोगदा दिसतो. कड्यांच्या पांढुरक्या कमानी एकामागे एक लागलेल्या असतात आणि त्यांच्या मधून केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. रुग्ण खोकला की मागची भिंत पडद्यासारखी पुढे फुगते आणि लगेच मागे जाते. हे एकदा पाहिलं की "साधी नळी" हा शब्द तोंडात येत नाही.

२. शेवटी हवा जायची नळीच ना? मग प्लास्टिकची किंवा धातूची का बसवत नाहीत? कृत्रिम सांधे आणि हृदयाच्या झडपा तर बसवतात.

सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो अगदी रास्त आहे. कृत्रिम सांधा चारही बाजूंनी शरीराच्या आत, निर्जंतुक जागेत बंद असतो. श्वासनलिकेची आतली बाजू मात्र बाहेरच्या हवेला उघडी असते. प्रत्येक श्वासाबरोबर धूळ आणि जंतू येतात. मूळ श्वासनलिकेच्या आत पेशींचं जिवंत अस्तर असतं आणि त्यावर सूक्ष्म केसांचा थर असतो. हे केस सतत वरच्या दिशेने हलत राहतात आणि चिकट कफ, त्यात अडकलेल्या कचऱ्यासकट, घशाकडे ढकलतात. प्लास्टिकवर हे घडत नाही. कफ साचतो, सुकतो, नळी बुजते आणि जंतूंना घर मिळतं.

दुसरी अडचण जोडाची. जिवंत ऊतक जिवंत ऊतकाला जुळतं, प्लास्टिकला जुळत नाही. दोन्ही टोकांना शरीर सतत बरं होण्याचा प्रयत्न करत राहतं. त्यातून लालसर मांसल वाढ होते आणि नळीची तोंडं पुन्हा अरुंद होतात. तिसरी अडचण सर्वात भीतीदायक. श्वासनलिकेच्या पुढून हृदयाकडून येणारी एक मोठी धमनी आडवी जाते. टणक नळीची कड श्वासागणिक तिच्यावर घासत राहिली तर एक दिवस धमनी फुटते आणि काही मिनिटांत सगळं संपतं.

विसाव्या शतकात धातू, पॉलिथीन, विणलेल्या जाळ्या, सिलिकॉन असं बरंच काही करून पाहिलं गेलं. साहित्य बदललं, पण अपयशाची कारणं बहुतेक वेळा हीच राहिली.

३. श्वासनलिका खराब होते कशाने? व्हेंटिलेटरमुळे होऊ शकते का?

होऊ शकते. व्हेंटिलेटरच्या ट्यूबच्या टोकाजवळ एक फुगा असतो. हवा बाजूने निसटू नये म्हणून तो फुगवतात. त्याचा दाब अस्तराच्या बारीक रक्तवाहिन्यांतल्या दाबापेक्षा वाढला की तेवढ्या पट्ट्याचं रक्त तुटतं. अस्तर मरतं, खालची कूर्चा उघडी पडते, आणि बरं होताना तिथे व्रण आकसत जातो. म्हणूनच त्रास ट्यूब काढल्यावर लगेच न दिसता काही आठवड्यांनी दिसतो. फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका राखावा असं सांगितलं जातं. १९७० च्या दशकापासून मोठे, मऊ फुगे वापरात आले आणि या इजा पुष्कळ कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. ट्यूब जीव वाचवण्यासाठी घातलेली असते. तिच्यामुळे इजा झाली म्हणजे ती घालणं चुकलं, असा अर्थ काढू नका.

बाकी कारणं: श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राच्या जागी आकसलेला व्रण, अपघाती मार, आगीचा धूर, क्षयरोग, रक्तवाहिन्यांना सूज आणणारे काही आजार, श्वासनलिकेची किंवा शेजारच्या थायरॉइडची गाठ, जन्मजात दोष. स्वरयंत्राच्या अगदी खाली, काहीही कारण न सापडता होणारा एक अरुंदपणा आहे. तो जवळजवळ फक्त स्त्रियांमध्ये दिसतो.

४. दमा म्हणून कित्येक महिने पंप चालू आहे, पण फरक नाही. श्वासनलिका अरुंद झाली आहे हे कसं ओळखायचं?

दम्यातली शिट्टी बहुधा श्वास सोडताना छातीत ऐकू येते. वरच्या श्वासनलिकेतला अडथळा श्वास आत घेताना गळ्याशी आवाज करतो, आणि तो शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू येतो. रुग्ण पूर्वी कधी व्हेंटिलेटरवर होता का, हा एक प्रश्न विचारला तरी बरंच कळतं. तो विचारायचा राहून जातो, म्हणून तुम्ही स्वतःहून सांगा.

फसवणारी गोष्ट अशी की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. रुंदी सुमारे ८ मिलिमीटरवर आली की जिना चढताना धाप लागते. ५ मिलिमीटरच्या आसपास आली की बसल्या जागीही आवाज येतो. गणित क्रूर आहे. हवा संथ वाहते असं धरलं तर रुंदी निम्मी झाल्यावर विरोध १६ पट होतो. त्यामुळे अरुंद झालेल्या नळीत कफाचा एक छोटा गोळासुद्धा जीवघेणा ठरू शकतो. बसल्या जागी असा आवाज येत असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. निदान पक्कं करण्यासाठी सीटी स्कॅन आणि दुर्बीण दोन्ही लागतात.

५. दुर्बिणीतून फुगा फुगवून रुंद करता येतं ना? मग मोठ्या ऑपरेशनची गरज काय?

अरुंद भाग पातळ पडद्यासारखा असेल आणि कड्या शाबूत असतील तर लेसरने छेद देऊन फुग्याने रुंद करणं छान चालतं. काहींना एकदाच पुरतं, काहींना अधूनमधून पुन्हा करावं लागतं. अरुंद भाग लांब असेल किंवा कड्याच मऊ पडून कोसळल्या असतील तर फुग्याने मिळालेला आराम टिकत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा लेसर मारत राहिल्याने निरोगी भागही भाजतो आणि पुढे कापून जोडायला लागणारा तुकडा लांबतो. दोन-तीन वेळा करूनही त्रास तितक्याच लवकर परतत असेल तर श्वासनलिकेची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनचं मत घ्यावं, असं माझं स्पष्ट सांगणं आहे.

६. स्टेंट टाकून कायमचं मोकळं होता येईल का?

स्टेंट म्हणजे नळी उघडी राहावी म्हणून आत बसवलेला पोकळ आधार. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या कर्करोगात तो वरदान आहे. व्रणाने अरुंद झालेल्या नळीत मात्र, विशेषतः तरुण माणसात, तो कायमचा उपाय मानू नये. सिलिकॉनचा स्टेंट सरकू शकतो, त्यात कफ साचतो, पण तो काढता येतो. उघड्या जाळीचा धातूचा स्टेंट अस्तरात रुतून बसतो आणि काढताना भिंतच फाटू शकते. सिलिकॉनची टी-ट्यूब १९६० च्या दशकात विल्यम माँटगोमेरी यांनी आणली. तिची एक फांदी गळ्यातून बाहेर येते, म्हणून ती सरकत नाही, आणि बाहेरचं तोंड बंद ठेवलं की बोलताही येतं. दिसायला ओबडधोबड असली तरी तिच्या आधाराने वर्षानुवर्षं नीट जगणारे रुग्ण आहेत.

७. खराब तुकडा कापून दोन टोकं जोडतात असं ऐकलं. किती लांबीपर्यंत शक्य आहे?

आज खात्रीने चालणारा उपाय हाच आहे. एकेकाळी २ सेंटिमीटरपेक्षा जास्त कापता येत नाही असं मानलं जायचं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हर्मिस ग्रिलो यांनी १९६० च्या दशकापासून शवांवर आणि मग रुग्णांवर बारकाईने काम करून ही समजूत मोडली. मान पुढे वाकवली की छातीतली श्वासनलिका वर येते. स्वरयंत्र वरच्या बंधनांतून मोकळं केलं की ते खाली उतरतं. फुप्फुसाच्या मुळाशी असलेली बंधनं सोडवली की खालचं टोक आणखी वर येतं. हे सगळं जमवून प्रौढात जवळजवळ निम्मी, तर लहान मुलात सुमारे एक तृतीयांश श्वासनलिका काढून टोकं जोडता येतात. वय, मानेची ठेवण, लठ्ठपणा आणि आधीची ऑपरेशनं यांनुसार ही मर्यादा कमी होते.

त्याच रुग्णालयाने १९७५ ते २००३ मधल्या ९०१ रुग्णांचा आढावा २००४ मध्ये छापला. ९५ टक्के रुग्णांचा निकाल चांगला होता, सुमारे ९ टक्क्यांमध्ये जोडाची काही ना काही तक्रार झाली आणि मृत्यू एक टक्क्याच्या आसपास होते. हे आकडे याच कामात मुरलेल्या हातांचे आहेत, हे ध्यानात ठेवा. ज्या रुग्णालयात वर्षातून एखादंच असं ऑपरेशन होतं तिथे तोच निकाल गृहीत धरता येत नाही.

८. श्वासनलिकाच कापली तर ऑपरेशन चालू असताना श्वास कुठून चालतो?

नळी कापली की खालच्या उघड्या टोकात सर्जन स्वतः एक निर्जंतुक ट्यूब घालतात आणि भूलतज्ज्ञ तिच्यातून श्वास देतात. टाके घालायचे तेव्हा ती क्षणभर काढायची, दोन टाके घ्यायचे, पुन्हा घालायची. शेवटी तोंडातून आलेली ट्यूब जोडाच्या पलीकडे सरकवून टाके आवळतात. काही ठिकाणी बारीक नळीतून हवेचे झोत देतात, आणि फार अवघड असेल तर रक्ताला शरीराबाहेर ऑक्सिजन देणारं यंत्र लावतात. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यात इतकी देवाणघेवाण दुसऱ्या क्वचितच एखाद्या ऑपरेशनात असते.

९. ऑपरेशननंतर हनुवटी छातीला शिवतात हे खरं आहे का?

बऱ्याच ठिकाणी शिवतात. हनुवटीखालची त्वचा आणि छातीच्या वरची त्वचा यांत एक जाड टाका घालून साधारण आठवडाभर ठेवतात. झोपेत मान झटकन मागे गेली तर ताजा जोड ताणला जाईल, त्यापासून तो वाचवतो. रुग्ण आठवडाभर स्वतःच्या पोटाकडे पाहत असतो. जेवण भरवावं लागतं आणि मान आखडते. नातेवाइकांनी हे आधीच ऐकलेलं असेल तर शुद्धीवर आल्यावर तो टाका पाहून धक्का बसत नाही. काही सर्जन टाक्याऐवजी पट्टा वापरतात किंवा नुसती सूचना देतात.

१०. जोड सुटण्याचा धोका कोणाला जास्त?

मधुमेह, आधी झालेलं श्वासनलिकेचं ऑपरेशन, ४ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडा, लहान वय, आणि गळ्याला आधीपासून असलेलं छिद्र. प्रश्न ७ मधल्या आढाव्यात हीच कारणं पुढे आली. शिवाय स्टेरॉइडचा मोठा डोस चालू असेल किंवा त्या जागी किरणोपचार झाले असतील तर जखम भरत नाही. म्हणूनच कित्येकदा "आत्ता नको, सूज उतरू द्या, स्टेरॉइड बंद होऊ द्या" असं सांगतात. त्याला टाळाटाळ समजू नका.

११. मूत्रपिंड, यकृत, हृदयसुद्धा बदलतात. मग दात्याची श्वासनलिका का लावत नाहीत?

मूत्रपिंडाला एक ठळक धमनी आणि एक ठळक शीर असते. त्या जोडल्या की अवयव रक्ताने भरून गुलाबी होतो. श्वासनलिकेला असा देठच नाही. थायरॉइडच्या आणि फुप्फुसनळ्यांच्या धमन्यांतून निघालेल्या धाग्यासारख्या फांद्या दोन्ही कडांनी येतात आणि प्रत्येक फांदी थोड्याशाच भागाला रक्त देते. नळी शरीरातून सोडवली की हे धागे तुटतात. रक्ताविना लावलेली नळी काही दिवसांत मऊ पडते, सडते आणि कोसळते. वर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची, तीही जंतूंना उघड्या असलेल्या अवयवासाठी. आणि अशा रुग्णाला कर्करोग असेल तर ती औषधं त्याला मोकळं रान देऊ शकतात. यावर मात झालेली मोजकी उदाहरणं प्रश्न १३ मध्ये आहेत.

१२. मूळपेशींपासून (स्टेम सेल्स) श्वासनलिका बनवून बसवली अशी मोठी बातमी आली होती. त्याचं पुढे काय झालं?

याचं उत्तर मी लांबवून देतो, कारण अजूनही त्या जुन्या बातम्यांची कात्रणं पाठवून "आमच्या मुलाला हे मिळेल का" असं विचारलं जातं.

२००८ मध्ये बार्सिलोनात सर्जन पाओलो माकियारिनी यांनी दात्याची श्वासनलिका पेशी धुऊन काढून, तिच्यावर रुग्णाच्या पेशी पेरून, एका तरुणीच्या खराब झालेल्या डाव्या मुख्य फुप्फुसनळीच्या जागी बसवली. जगभर गाजावाजा झाला. पुढे त्या नळीत स्टेंट टाकावे लागले आणि २०१६ मध्ये तिचं डावं फुप्फुस काढावं लागलं. २०११ पासून स्वीडनच्या कारोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात त्यांनी प्लास्टिकच्या सांगाड्यावर अस्थिमज्जेतल्या पेशी पेरून ३ रुग्णांना कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. तिघेही दगावले. रुग्णालयातल्याच ४ डॉक्टरांनी कागदपत्रं तपासून तक्रार केली, तेव्हा आधी त्यांनाच त्रास झाला. २०१६ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटाने प्रकरण उघड्यावर आलं, माकियारिनींना रुग्णालयाशी जोडलेल्या कारोलिन्स्का संस्था या वैद्यकीय विद्यापीठाने काढलं आणि तिथल्या कुलगुरूंनी राजीनामा दिला. लॅन्सेट या नियतकालिकाने प्लास्टिक नळीचे लेख २०१८ मध्ये मागे घेतले आणि बार्सिलोनाचा लेख २०२३ मध्ये. २०२३ मध्येच स्वीडनच्या अपील न्यायालयाने माकियारिनींना अडीच वर्षांची कैद सुनावली.

विज्ञानाची चूक कुठे होती? प्लास्टिकवर एक-दोन दिवस पेशी शिंपडल्या म्हणून त्या अस्तर होत नाहीत. त्यांना रक्त हवं, आणि प्लास्टिकमध्ये रक्त येणार कुठून? बेल्जियमचे सर्जन पियेर दलेर हे सुरुवातीपासून ओरडून सांगत होते. प्रश्न २ मधल्या तिन्ही अडचणी जशाच्या तशा उभ्या होत्या. मला सर्वात जास्त लागतं ते हे, की यातले काही रुग्ण मरणाच्या दारात नव्हते. तेवढा एक उपाय केला नसता तर ते आणखी जगले असते.

दात्याची धुतलेली नळी हा मार्ग प्लास्टिकपेक्षा वेगळा आहे. २०१० मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात एका मुलाला ती लावली गेली आणि तो वाचला. त्यालाही नंतर स्टेंट आणि वारंवार दुर्बिणीचे उपचार लागले. त्याच्या जिवंत राहण्यावरून ती पद्धत सर्वांना चालेल असं ठरत नाही.

१३. मग खरंखुरं प्रत्यारोपण कुणी केलं आहे का?

हो, आणि दोन्ही वेळा यशाची किल्ली रक्तपुरवठा हीच होती. बेल्जियमच्या लूव्हेनमध्ये दलेर यांच्या चमूने २००८ मध्ये दात्याची श्वासनलिका आधी रुग्णाच्या हाताच्या त्वचेखाली ठेवली. कित्येक महिने तिथल्या ऊतकांतून तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या, रुग्णाच्या गालाच्या आतलं अस्तर तिच्यात लावलं गेलं, आणि मग हाताच्या धमनीसकट ती गळ्यात आणून जोडली. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं पुढे थांबवता आली. घाई न करता शरीराला वेळ देणारी ही कल्पना मला आजही सर्वात सुंदर वाटते.

जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात एरिक जेंडन यांच्या चमूने सुमारे १८ तासांच्या ऑपरेशनात दात्याची लांब श्वासनलिका तिच्या शेजारच्या भागांसह, बारीक रक्तवाहिन्या जोडून, एका स्त्रीला लावली. दम्यामुळे वारंवार ट्यूब घालावी लागून तिची नळी खराब झाली होती. प्रश्न ११ मधला "देठ नाही" हा अडसर त्यांनी शेजारच्या ऊतकांचा देठ सोबत घेऊन ओलांडला. औषधं मात्र चालू ठेवावी लागतात. अशी ऑपरेशनं अजून फार थोडी झाली आहेत.

१४. शरीरातल्याच दुसऱ्या भागाची नळी करता येते का? महाधमनीचा तुकडाही वापरतात म्हणे.

पॅरिसमध्ये हाताची त्वचा रक्तवाहिनीसह घेऊन, तिच्यात बरगडीच्या कूर्चेच्या पट्ट्या कड्यांसारख्या बसवून नळी वळली गेली. तिला रक्त आहे, ती कोसळत नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही नकोत. पण त्वचेवर प्रश्न २ मधले ते हलणारे केस नाहीत, त्यामुळे कफ वर येत नाही. फुप्फुसं आधीच कमजोर असलेल्यांना हे झेपत नाही.

महाधमनीचा प्रयोगही पॅरिस परिसरातलाच, एमान्युएल मार्तिनो यांचा. दात्याची गोठवून ठेवलेली महाधमनी आतून स्टेंटचा आधार देऊन लावतात. औषधांची गरज पडत नाही, आणि काही काळाने तिच्यात नवी कूर्चा उगवलेली दिसली, हे मोठं आश्चर्य. २०१८ मध्ये १३ रुग्णांचे निष्कर्ष छापले गेले, त्यातल्या ५ जणांची श्वासनलिका बदलली होती, बाकीच्यांच्या फुप्फुसनळ्या किंवा नळी दुभागते ती जागा. स्टेंट बराच काळ ठेवावा लागतो आणि त्याच्या सगळ्या कटकटी प्रश्न ६ मध्ये आहेतच. तरीही मी लक्ष ठेवून असतो ते या मार्गावर.

१५. थ्रीडी प्रिंटरने नळी छापून का देत नाहीत?

आकार छापणं हा या कामातला सोपा भाग आहे. रक्त आणि अस्तर छापणं अवघड. मिशिगन विद्यापीठात २०१२ मध्ये एका तान्ह्या बाळाच्या मऊ पडून मिटणाऱ्या फुप्फुसनळीभोवती छापलेली, हळूहळू विरघळणारी पट्टी बाहेरून बसवली. बाळाची स्वतःची नळी तिला टाक्यांनी टांगली गेली आणि बाळ वाचलं. यात नळी बदलली नाही, तिला बाहेरून टेकू दिला. म्हणून रक्त आणि अस्तर दोन्ही शाबूत राहिले. बातमीत "छापलेली श्वासनलिका" वाचलंत तर आधी बघा, ती आतून आहे की बाहेरून.

१६. बाळाची श्वासनलिका जन्मतःच अरुंद आहे, कड्या पूर्ण गोल आहेत असं सांगितलं. इतकी लांब नळी कापणार कशी?

कापून टाकत नाहीत. अरुंद भाग मधोमध आडवा छेदतात. एका अर्ध्या भागाला पुढून आणि दुसऱ्याला मागून उभी चीर देतात, मग दोन्ही एकमेकांवर सरकवून शिवतात. लांबी निम्मी होते आणि घेर दुप्पट. नळी बाळाची स्वतःचीच असल्याने रक्तही टिकतं आणि ती बाळाबरोबर वाढते. ही पद्धत १९८९ मध्ये मांडली गेली आणि आज या दोषासाठी पहिली पसंती तिलाच आहे.

१७. ऑपरेशननंतर आवाज राहील का?

आवाजाच्या दोन नसा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून वर जातात. सर्जन नळीला अगदी चिकटून काम करतात ते त्यांना वाचवण्यासाठी. अरुंद भाग स्वरयंत्रापासून दूर असेल तर आवाज बहुधा पूर्वीसारखा राहतो. स्वरयंत्राखालच्या कडीपर्यंत कापावं लागलं किंवा स्वरयंत्र वरून मोकळं करावं लागलं तर आवाज थोडा बदलतो, आणि काही दिवस पाणी गिळताना ठसका लागतो. आधी घट्ट पदार्थ, मग पातळ, असा क्रम ठेवायला सांगतात.

१८. गाठ आहे, पण ती खूप लांब पसरली आहे. अशा वेळी नवी नळी हाच एक मार्ग उरत नाही का?

श्वासनलिकेतून सुरू होणारे कर्करोग विरळ आहेत. त्यातल्या एका प्रकारात, लाळग्रंथींसारख्या पेशींच्या गाठीत, रोग भिंतीतून आणि नसांच्या कडेने डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा पुढे पसरलेला असतो. सर्जनपुढे पेच असा की कडेपर्यंत स्वच्छ होईतो कापत गेलं तर जोड ताणून सुटेल. अशा वेळी कडेला थोडे सूक्ष्म अवशेष राहू देऊन जोड सुरक्षित ठेवणं आणि मग किरणोपचार देणं हे शहाणपणाचं मानलं जातं. या प्रकारची गाठ सावकाश वाढते, त्यामुळे असे रुग्ण अनेकदा कित्येक वर्षं जगतात. क्रम महत्त्वाचा आहे: आधी ऑपरेशन, मग किरण. पूर्ण मात्रेचे किरणोपचार आधी झाले असतील आणि नंतर कापायची वेळ आली, तर जोडाभोवती पोटातली चरबीची झालर रक्तवाहिन्यांसकट वर आणून गुंडाळतात, जेणेकरून भाजलेल्या ऊतकाला बाहेरून ताजं रक्त मिळावं.